'ओल्ड वाइन' म्हणजे जुनी वाइन नव्हे हो!

इथे इंदूरातल्याच एका ताईंनी विचारलंय. त्या ग्रीसच्या सांतोरिनी बेटाच्या सहलीवर लिहितायत, आणि तिथल्या बाटलीवर इंग्रजीत जे छापलं होतं त्याचं मराठी त्यांनी 'ज्वालामुखीच्या मातीतली जुनी नैसर्गिक वाइन' असं केलंय. 'ओल्ड वाइन'चं हे भाषांतर बरोबर आहे ना, आणि 'नॅचरल'ला नैसर्गिकपेक्षा बरा शब्द आहे का, असे दोन प्रश्न.

ताई, पहिलं साफ चूक आहे आणि हे मी गेल्या काही महिन्यांत तिसऱ्यांदा ऐकतोय म्हणून जरा चिडून लिहितोय. बाटलीवर जे 'ओल्ड वाइन' आहे ते W ची wine नाही, V ची vine आहे, म्हणजे वेल. द्राक्षाची वेल जुनी, आतली वाइन गेल्या वर्षीचीसुद्धा असू शकते. आमच्या भाच्याकडे मागे अशीच बाटली निघाली, वर 2022 साल, खाली 'ओल्ड वाइन', आणि भाचा म्हणे मामा दुकानदाराने फसवलं, जुनी म्हणून पैसे घेतले आणि माल नवा दिला! मी त्याला बाटली दिव्याखाली धरून स्पेलिंग दाखवलं तेव्हा कुठे पटलं.

हा घोटाळा आपल्या इंदूरी मराठीत जास्त होतो, कारण आपण हिंदीच्या सवयीने सगळीकडे नुसता 'व' लिहितो. व्हॅनला वैन, व्होल्टेजला वोल्टेज. महाराष्ट्रात व्ह आणि व वेगळे ठेवतात, तिथे ही 'व्हाइन' आणि ती 'वाइन', विषय संपला. 'व्ह' हे उगाच चिकटवलेलं अक्षर आहे, मराठीला त्याची गरज नाही असं म्हणणारे जाणकार इथेही आहेत, त्यांनी एकदा ही बाटली वाचून दाखवावी.

पण खरी गंमत पुढे आहे. मुळात हे दोन शब्द एकच! लॅटिनमध्ये वाइनला वीनुम, आणि तेव्हा लॅटिनचा हा व ओठ गोल करून म्हणायचे, आपल्या 'वाट'मधल्या वसारखा. त्या काळात जर्मन टोळ्यांनी शब्द उचलला तो इंग्रजीत 'वाइन' झाला. वीनुमवरूनच द्राक्षमळ्याला वीनेआ, त्याचं फ्रेंचमध्ये वीन्य, आणि ते शेकडो वर्षांनी इंग्रजीत शिरलं तोवर व दातओठी झालेला, म्हणून 'व्हाइन'. एकच शब्द दोन दारांनी एकाच घरात आला.

आणि वीनुम कुठून आला? इथे भांडण आहे. एक पक्ष म्हणतो शब्द जॉर्जियाकडचा, तिथे ग्विनो म्हणतात, 2017 साली तिथल्या सुमारे 8000 वर्षांपूर्वीच्या मडक्यांत द्राक्षवाइनच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं, मग शब्दही तिथलाच. मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही. मडकं जुनं निघालं म्हणजे त्यात काय होतं ते कळतं, त्याला काय म्हणत ते मडकं सांगत नाही, आणि ग्विनो हाच शेजारच्या भाषांतून उसना आलाय असं मानणारे पंडितही आहेतच. दुसरा पक्ष, आणि मी ठामपणे त्यात, वीनुमच्या मागे 'पिळणे, वळवणे' या अर्थाचं मूळ बघतो. लॅटिनमध्ये द्राक्षवेलीला वीटिस म्हणतात ते त्याच मुळाचं, आणि त्या वीटिसचा सख्खा चुलतभाऊ आपल्याकडे आहे, संस्कृत वेतस, वेत्र, म्हणजे आपला वेत! ज्याच्या टोपल्या विणतात तो.

आता सांतोरिनीत काय करतात बघा. तिथे वारा इतका सोसाट्याचा की वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीलगतच तिच्या फांद्या गोल गोल गुंफत टोपली करतात, घड आतल्या पोकळीत वाऱ्याउन्हापासून लपून राहतात. त्याला तिथे कुलुरा म्हणतात, म्हणजे कडं, वेटोळं. फोटो बघितला तर डोक्यावर हंडा ठेवायची चुंबळच वाटते. म्हणजे जी वेल वेताच्या भावकीतली, तिचीच टोपली! आणि आपली 'वेल' तरी वेगळी कुठे, संस्कृत वल्ली, प्राकृत वेल्ली, वल् म्हणजे वळणे असाच धातू आपल्याकडे सांगतात, लाडू वळतो तेच वळणं. दोन्हीकडच्या माणसांना वेलीत आधी तिचं वळणच दिसलं, फळ नंतर.

म्हणून 'जुन्या वेलींची वाइन' लिहा. किती जुन्या, तर 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेने 35 वर्षांची रेघ आखली. सांतोरिनीत 35 म्हणजे पोर. तिथे टोपली साधारण 75 वर्षांची झाली, उतारा घटला की वरून छाटतात आणि जुन्याच मुळातून नवी फुटवतात.

'ज्वालामुखीची माती' चालेल, पण ताई, कंसात 'आपल्या माळव्यासारखी' असं लिहिलंय ते काढा. आपली काळी माती पण लाव्ह्याचीच, कबूल, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, झिजून झिजून चिकण झालाय, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. सांतोरिनीची राख आणि प्युमिस (छिद्रांचा हलका ज्वालामुखी दगड) 3600 वर्षांपूर्वीच्या स्फोटातली, भुसभुशीत, चिकणमाती जवळजवळ नाहीच. 1860 नंतर युरोपभर द्राक्षमळे उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा नावाची माव्यासारखी कीड मातीच्या भेगांतूनच मुळांपर्यंत जाते, राखेत भेगच टिकत नाही तर जाणार कुठून. म्हणून बाकी युरोपात अमेरिकन खुंटावर कलमं करावी लागली आणि सांतोरिनीच्या वेली आजही आपल्याच मुळावर उभ्या आहेत. तुमच्या लेखात हे यायला हवं, फार मोठी गोष्ट आहे ती.

हां, नॅचरल राहिलं. फ्रान्समध्ये 2020 पासून अशा वाइनसाठी एक शिक्का आहे, त्यात सेंद्रिय द्राक्षं, हातानं तोडणी, बाहेरचं यीस्ट नाही, आणि सल्फाइट (वाइन टिकवायचं रसायन) घातलंच तरी लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत. 'नैसर्गिक'मधून यातलं काहीच कळत नाही. आंबोळीचं पीठ आपण रात्री भिजवून ठेवतो, त्यात काही न घालता ते सकाळी फुगतं, त्याला काय म्हणतो? आपसूक आंबलं. तेच लिहा, 'जुन्या वेलींची, आपसूक आंबलेली वाइन'. आणि कुणी 'सोमरस' सुचवला तर ऐकू नका, सोम कुटून पिळून त्याच दिवशी आहुतीत द्यायचे, तो आंबायला ठेवत नसत.