गटनेता, प्रतोद आणि कोरा कागद

पक्षाचा संसदेतला नेता ठरवतं कोण, हा एकच गोंधळ महिनाभर पत्रांतून येतोय. म्हणून आज तेवढेच प्रश्न.

लोकसभेतला पक्षनेता मतदार निवडतात का? (नौपाडा)

नाही. खासदारांची बैठक होते, नाव बहुधा पक्षाकडून आलेलं असतं. खरीखुरी मतमोजणी क्वचितच होते. १९६६ मध्ये काँग्रेस संसदीय पक्षात झाली होती, इंदिरा गांधी ३५५, मोरारजी देसाई १६९.

पंतप्रधान राज्यसभेतले असतील तर लोकसभेत सभागृहनेता कोण? (ऐरोली)

त्यांनी नेमलेला मंत्री. मनमोहन सिंगांच्या काळात आधी प्रणव मुखर्जी, मग सुशीलकुमार शिंदे.

५५ खासदार नसतील तर विरोधी पक्षनेता नाही, असा कायदाच आहे ना? (वाशी)

विरोधी पक्षनेत्यांच्या पगार-भत्त्यांचा १९७७ चा कायदा उघडून बघा. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढंच त्यात आहे. दहा टक्के (५४३ पैकी ५५) हा पहिले लोकसभा अध्यक्ष मावळणकर यांच्यापासूनचा संकेत. २०१४ ला ४४ आणि २०१९ ला ५२ खासदारांवर काँग्रेसला पद मिळालं नाही, २०२४ ला ९९ वर मिळालं. भाषणात ठोकून देण्याआधी जाणकाराला विचारा.

दोन तृतीयांश खासदार फुटले की गटनेता (सभागृहातला पक्षनेता) त्यांचा, व्हिपही (मतदानाचा पक्षादेश) त्यांचाच. बरोबर? (घोडबंदर रोड)

चूक. व्हॉट्सअ‍ॅपवरचे घटनातज्ज्ञ जरा बाजूला ठेवा. पक्षांतरबंदी कायद्यातली एक तृतीयांशाच्या फुटीची पळवाट २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने बंद झाली. दोन तृतीयांश लागतात ते दुसऱ्या पक्षात विलीन होताना. आपलाच पक्ष पळवायला नव्हे. प्रतोद (व्हिप काढणारा) आणि गटनेता राजकीय पक्ष नेमतो, सभागृहातला गट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये महाराष्ट्राच्याच, शिवसेना फुटीच्या प्रकरणात सांगितलं. व्हिप मोडला आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. 'जाऊ शकतं' म्हणतो, कारण निर्णय अध्यक्षांचा. असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली काढा, असं न्यायालय २०२० मध्येच म्हणालं होतं. आपल्याकडे जून २०२२ चे अर्ज जानेवारी २०२४ ला निकाली निघाले! तुमच्या खासदारांना असा सल्ला कुणी देत असेल, तर आधी वकील गाठायला सांगा.

नगरसेवकांच्या गटनोंदणीचं 'पॅकेज' एक सल्लागार देतोय. घ्यावं का? (कोपरखैरणे)

नको. गटाची नोंद बेलापूरला कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे होते. त्याला पॅकेज कशाला? माझ्याकडे आलेल्या एका नगरसेवकाने अशाच माणसाला कोऱ्या कागदावर सही दिली होती. वरचा मजकूर आणि गटनेत्याचं नाव नंतर टाइप झालं, तेही सहीला चिकटून, दाटीवाटीने. तुम्ही मजकूर पूर्ण वाचा, तारीख बघा, झेरॉक्स ठेवा आणि सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवा.