'वुडशेड'ला मराठीत रियाज म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना "मग तो वुडशेडमध्ये गेला" अशा अर्थाचं वाक्य आलं, डिक्शनरीत बघितलं तर लाकडाची वखार, आणि गाणं शिकणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं की सरळ रियाज लिहून टाक. तर रियाज चालेल का? आणि जोडीला एक छोटा प्रश्न, की बीबॉप या जॅझच्या प्रकारातलं बॉप म्हणजे काय आणि हार्ड बॉपमधलं हार्ड म्हणजे अवघड असं घ्यायचं का.

छोटा आधी संपवते. बॉपला काही अर्थ नाही, ते बोल आहेत. आपल्याकडे तबलजी जसा तोंडाने धा तिरकिट म्हणतो किंवा तराण्यात तनन देरेना येतं तसे जॅझवाले तोंडाने जे बोल म्हणायचे त्यातलेच बी आणि बॉप हे दोन, आणि १९४० च्या दशकात रीबॉप आणि बीबॉप असं दोन्ही ऐकू यायचं, त्यातलं एक टिकलं. हार्ड म्हणजे अवघड नाही, ठसठशीत, दणकट. पन्नासच्या दशकात ड्रमर आर्ट ब्लेकी, पियानोवाला होरेस सिल्व्हर वगैरे मंडळींनी बॉपमध्ये ब्लूज आणि चर्चमधल्या गॉस्पेलचा जोर परत आणला त्या वाजवण्याला हे नाव पडलं. दोन्ही नावं मराठीत जशीच्या तशी ठेवा, भाषांतर करायला जाऊ नका.

आता वुडशेड. वखार तर नाहीच, वखारीत लाकूड विकतात, माणसं येतात जातात, वजनं होतात. वुडशेड म्हणजे घरामागे, परसात, सरपण कोरडं राहावं म्हणून केलेलं छप्पर, कोकणात खोपी म्हणतील तसलं. घरात बाजा वाजवायला लागलं की घरचे वैतागणार, म्हणून पोरगं वाद्य घेऊन मागे सरपणाच्या खोपीत जाऊन बसायचं, तिथून हा शब्द वादकांच्या तोंडी आला आणि मग त्याचं क्रियापदच झालं, पुढे नुसतं 'शेड' सुद्धा म्हणायला लागले. खोपी गेली, शब्द राहिला. हॉटेलच्या खोलीत बसून वाजवलं तरी वुडशेडच. म्हणजे या शब्दात सराव आहेच पण त्याच्यापेक्षा जास्त वजन आहे ते 'कोणाच्या कानावर न पडता' याला. आणि मराठीत 'शेड' लिहून भागणार नाही कारण आपल्याकडे शेड म्हटलं की पत्र्याची शेड, गाईगुरांची शेड, नाहीतर साडीच्या रंगाची शेड.

याच शब्दाचा इंग्रजीत दुसरा एक उपयोग आहे, कोणाला वुडशेडमध्ये नेणं म्हणजे त्याला बडवणं, पूर्वी बाप पोराला मारायला घरामागे न्यायचा त्यावरून. हा अर्थ तुमच्या वाक्यात नाहीये पण पार्करची गोष्ट बघितली तर मला दोन्ही अर्थ एकमेकांना खेटून उभे आहेत असं वाटतं, म्हणून ती गोष्ट जरा नीट सांगते.

१९३६ सालचं कॅन्सस सिटी. रात्रभर क्लब चालू, आणि मुख्य कार्यक्रम संपले की जॅम सेशन, ज्यात नवीन पोरांनी यायचं आणि जुन्यांच्या समोर उभं राहून दाखवायचं. एकमेकांवर कुरघोडी करायच्या या प्रकाराला 'कटिंग' म्हणायचे. (याला जुगलबंदी लिहू नका प्लीज, जुगलबंदीत निदान वरवर तरी आदर असतो, कटिंगला कोकणातली डबलबारी जास्त जवळची आहे.) रीनो क्लब नावाच्या ठिकाणी काउंट बेसीच्या बँडचा ड्रमर जो जोन्स वाजवत होता आणि पंधरा-सोळा वर्षांचा चार्ली पार्कर आपला ऑल्टो सॅक्सोफोन घेऊन वर चढला. सुरुवात बरी झाली, मग त्याने जरा धाडस केलं आणि कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या साखळीचा) धागा हातातून सुटला, परत पकडता येईना. जोन्सने ड्रमवरची झांज काढली आणि त्याच्या पायाशी फेकली. सगळ्यांसमोर. बेसिस्ट जीन रेमी याने ही हकीकत पुढे सांगितलेली आहे, लोक हसले, हा उतरून गेला.

पुढच्या वर्षी, १९३७ च्या उन्हाळ्यात, मिसूरीमधल्या ओझार्कच्या डोंगराळ भागात एका रिसॉर्टवर वाजवायचं काम जॉर्ज ली याच्या बँडला मिळालं आणि पार्कर त्यांच्यासोबत गेला. जाताना बेसीच्याच बँडमधला टेनर सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग याच्या रेकॉर्ड घेऊन गेला. त्या रेकॉर्डवरचे सोलो, म्हणजे यंगने एकट्याने वाजवलेले तुकडे, त्याने एकेक स्वर करून पाठ केले, बँडमधल्या पियानो आणि गिटार वाजवणाऱ्यांकडून हार्मनी समजून घेतली, आणि उन्हाळा संपवून परत आला तेव्हा गावातल्या लोकांना हा तोच पोरगा आहे हे पटेना. १९५४ च्या एका रेडिओ मुलाखतीत सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडने विचारल्यावर पार्करने सांगितलं होतं की तीन-चार वर्षं तो दिवसाला अकरा ते पंधरा तास वाजवायचा आणि शेजाऱ्यांनी त्याच्या आईला घर सोडायला सांगण्याची धमकी दिली होती. लोक त्याची फक्त दारू आणि हेरॉइन सांगतात, चौतिसाव्या वर्षी १२ मार्च १९५५ ला न्यूयॉर्कच्या हॉटेलात तो गेला तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरला तो पन्नाशीच्या पुढचा वाटला होता हे सांगतात, ते खरंच आहे, पण हे अकरा ते पंधरा तास फार कमी लोक सांगतात आणि मला याचा मनापासून राग येतो. देणगी होती, उचलली आणि वाजवली, असं नाहीये ते. म्हणून तुमच्या लेखातलं हे एक वाक्य महत्त्वाचं आहे आणि ते गुळमुळीत करून चालणार नाही.

मग रियाज का नको? रियाज मूळ अरबी, शरीराला किंवा मनाला राबवून वळण लावायचं असा त्याचा भाव, आजच्या अरबीत खेळ-व्यायामाला याच घराण्यातला शब्द आहे. पण मराठीत येईपर्यंत रियाज म्हणजे रोजची गोष्ट झाली. पहाटे उठून, खर्ज लावून, घरात सगळ्यांच्या कानावर पडेल असा, बऱ्याचदा गुरूने काय करायचं ते ठरवून दिलेला. "रियाज चालू आहे का?" हे आपण "जेवलास का" इतक्या सहज विचारतो. रियाजाला लाज नाही, तो लपवायचा नसतो. वुडशेडमध्ये एक 'आत्ता मी बाहेर येणार नाही' आहे, येईन तेव्हा वेगळा असेन असा हट्ट आहे. शिवाय पार्करला गंडा बांधणारा गुरू नव्हता, रेकॉर्ड होत्या आणि अपमान होता. "त्यानंतर त्याने रियाज केला" लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की चला, पोरगा नियमित झाला.

आपल्याकडे याच्या जवळचा शब्द आहे, चिल्ला. फारसीत चाळीसला चिहिल म्हणतात त्यावरून, मुळात सूफी लोकांचं चाळीस दिवसांचं एकांतातलं व्रत, आणि तबलजी लोकांमध्ये चाळीस दिवस स्वतःला बंद करून घेऊन फक्त वाजवायचं असा त्याचा अर्थ. एकांत आहे, जिद्द आहे, बाहेर येणारा माणूस बदललेला असतो हेही आहे. पण चिल्ल्याला नियम असतात, दिवसांची मोजणी असते, त्याला धार्मिक वास आहे, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे संगीताबाहेरच्या मराठी वाचकाला चिल्ला म्हटलं की बेसनाचं धिरडं आठवतं. तर तुमच्या लेखात नको.

मी स्वतः लहानपणी चाळीत राहून तबला शिकले. दोन खोल्यांमध्ये भिंत म्हणजे लाकडी फळ्या, पलीकडच्या काकांची रात्रपाळी, दिवसा ते झोपलेले, त्यामुळे मी मांडीवर उशी घेऊन तिच्यावर कायदे (तबल्यातल्या ठरलेल्या बोलांच्या रचना) वाजवायचे. उशीवर आवाज येत नाही पण बोटं फिरतात, आणि कुठलं बोट चुकतंय ते कानाला नाही तरी हाताला कळतं. कितीतरी वर्षांनी वाचलं की जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबद्दलही सांगतात, रात्री उशिरा फुंकता येत नसेल तेव्हा नुसती बोटं सॅक्सोफोनच्या किल्ल्यांवर फिरवत बसायचा, फुंक न मारता, आणि कधी वाद्य हातात तसंच असताना झोपून जायचा. वाचताना मला ती उशी समोर दिसली. आमचे सर याला रियाज म्हणायचेच नाहीत. ते म्हणायचे "घोट". "आज काय घोटलंस?" घोटणं हा अस्सल शब्द आहे बघा, पलटे घोटायचे, कायदा घोटायचा, खलात औषध घोटतात तसं, गुळगुळीत होऊन अंगात उतरेपर्यंत. पार्करने लेस्टर यंगचे सोलो काय केले? घोटले. याच्याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

आणि दुसरा अर्धा भाग, ते दार बंद करणं, त्यालाही आपल्याकडे रोजच्या वापरातलं बोलणं आहे, 'कोंडून घेणं'. "परीक्षेसाठी त्याने स्वतःला कोंडून घेतलं" असं आपण म्हणतोच. म्हणजे वुडशेड = कोंडून घेणं + घोटणं. एका शब्दासाठी दोन क्रियापदं लागली तर लागू देत.

पण हे पार्करपुरतं. लेखात पुढे टेनर सॅक्सोफोनवाला सनी रॉलिन्स येत असेल (येणारच) तर तिथे हेच शब्द ठेवू नका. रॉलिन्सला तीनदा असं करावं लागलं आणि दर वेळी मराठीत वेगळा शब्द लागतो. १९५५ मध्ये हेरॉइन सोडून तो शिकागोत राहिला, वायएमसीएमध्ये खोली, झाडपुसीची वगैरे मिळतील ती कामं, आणि क्लबांपासून लांब राहायचं, हे कोंडून घेणंच होतं. तिथून तो क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमर मॅक्स रोच यांच्या बँडमध्ये गेला, आणि तिथे त्याच्याच वयाचा क्लिफर्ड, नशा नाही, कुणाबद्दल वाकडा शब्द नाही, आणि ट्रम्पेटवर काय वाट्टेल ते करणारा, त्याला बघून स्वच्छ राहूनही असं वाजवता येतं हे पटलं असं रॉलिन्सने नंतर अनेकदा सांगितलंय. क्लिफर्ड २६ जून १९५६ ला पेनसिल्व्हेनियात गाडीच्या अपघातात गेला, वय पंचवीस. त्याच्या बाबतीत मात्र 'रियाज' हा शब्द बिनधास्त वापरा, रोजचा, हसतमुख, न लपवलेला.

मग १९५९. रॉलिन्सचं नाव झालेलं, लोक त्याला टेनर सॅक्सोफोनचा सर्वात मोठा वादक म्हणत होते आणि त्याला स्वतःला ते पटत नव्हतं, म्हणून त्याने कार्यक्रमच बंद केले. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला ग्रँड स्ट्रीटवर राहायचा, शेजारी एक बाई गरोदर होती, तिला त्रास नको म्हणून वाद्य घेऊन बाहेर पडला आणि चालत चालत विल्यम्सबर्ग पुलावर पोचला. खाली ईस्ट रिव्हर, बोटींचे भोंगे, बाजूने धडधडत जाणारी ट्रेन, आणि या सगळ्यात हा पायी जायच्या वाटेवर उभा राहून पूर्ण ताकदीने फुंकतोय, कोणाला काही घेणंदेणं नाही. उन्हाळा, हिवाळा, कधी पंधरा-सोळा तास. दोन वर्षं. कधीकधी दुसरा सॅक्सोफोनवाला स्टीव्ह लेसी सोबतीला यायचा. एका मासिकात पहिल्यांदा याबद्दल छापून आलं तेव्हा लिहिणाऱ्याने त्याचं नाव बदललं आणि पूलही बदलला. १९६१ च्या शेवटी तो परत आला आणि १९६२ मध्ये 'द ब्रिज' नावाची रेकॉर्ड निघाली. आता बघा, इथे कोंडून घेणं बसतच नाही, उघड्या आभाळाखाली आहे माणूस. इथे मी डोळे झाकून 'अज्ञातवास' लिहीन. पांडवांसारखा, लोकांच्या मधोमध, पण ओळख लपवून.

आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या बँडसाठी एक तिसराच शब्द आहे तोही सांगून टाकते, तालीम. तालीम म्हणजे मुळात शिकवण, मराठीत ती नाटकाची झाली आणि कुस्तीच्या आखाड्याचीही झाली. ब्लेकीने १९९० ला जाईपर्यंत तेच केलं, ली मॉर्गन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्डपासून विंटन मार्सालिसपर्यंत विशीतली पोरं घ्यायची, लोकांसमोर स्टेजवरच लढवायची, ती तयार झाली की सोडायची आणि नवीन घ्यायची. वुडशेडच्या अगदी उलट, सगळं उघड्यावर. आणि 'तयार' वरून आठवलं, या लेखांमध्ये 'चॉप्स' हा शब्द हमखास येतो, तो मुळात जबड्याचा, फुंकून वाजवणाऱ्यांच्या ओठा-जबड्याच्या ताकदीचा, मग कुठल्याही वाद्यावरच्या कौशल्याला लागला. तिथे 'कौशल्य' लिहू नका. आपले गाणारे वाजवणारे म्हणतात ना "काय तयारी आहे!", तेच ते. चॉप्स म्हणजे तयारी.

राहता राहिली रॉलिन्सची तिसरी वेळ आणि ती आपल्या अगदी दारात घडलीये हे बऱ्याच मुंबईकरांना माहीत नसतं. साठच्या दशकाच्या शेवटी तो परत सगळं सोडून भारतात आला आणि काही महिने पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला. त्याला ध्यानाला बसणं काही जमेना, तेव्हा त्याला तिथे सांगितलं गेलं की तू वाजवतोस तेच तुझं ध्यान आहे. त्या आश्रमाचं नाव सांदीपनी साधनालय. तिथल्या महिन्यांबद्दल लिहायची वेळ आली तर 'साधना' वापरा, नाहीतर हा शब्द आपण कुठल्याही गायकाच्या परिचयात इतका घासलाय की पार्करच्या झांजेच्या गोष्टीत तो घातला तर त्या पोराचा अपमान आणि चीड दोन्ही धुऊन निघेल.

तुमचं वाक्य मी असं करीन: "मग त्याने स्वतःला कोंडून घेतलं आणि लेस्टर यंग घोटला." सोलो वगैरे शब्दही नको, नुसतं "लेस्टर यंग घोटला", वादक लोक असंच बोलतात.