एखाद्या खेळाडूने आपण गे असल्याचं जाहीर केलं, ही बातमी पहिल्यांदाच लिहिणार असशील तर वाच

अरे, हेडलाईनमध्ये 'पहिला गे खेळाडू' टाकायची घाई करू नकोस. २०१३ मध्ये अमेरिकेतला बास्केटबॉलपटू जेसन कॉलिन्सने आपण गे असल्याचं सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांनी हेच ठोकून दिलं, पण टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवा १९८१ पासून स्वतःबद्दल उघडपणे बोलत होती, ती काय खेळाडू नव्हती? पहिला म्हणजे कुठल्या लीगमधला, पुरुषांमधला का, अजून खेळतोय का निवृत्त झालाय, हे सगळं तपासून मगच लिही. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कार्ल नासिबचं बघ, २०२१ मध्ये त्याने स्वतःच इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकून आपण गे असल्याचं सांगितलं, एलजीबीटीक्यू तरुणांच्या आत्महत्या रोखायला काम करणाऱ्या 'द ट्रेव्हर प्रोजेक्ट' या संस्थेला १ लाख डॉलर देतोय म्हणाला आणि मी प्रायव्हेट माणूस आहे हेही तिथेच सांगून टाकलं. मग त्याच्या जोडीदाराला शोधत बसायचं काही कारण आहे का?

टीममेटला 'ड्रेसिंग रूममध्ये अडचण होईल का' हा प्रश्न तर विचारूच नकोस, फालतू आहे. आणि खेळाडू स्वतः बोलला नसेल तर कुजबुज कितीही पक्की वाटो, छापायची नाही, एडिटर मागे लागला तरी. पुढच्या मॅचला मात्र त्याच्या खेळावर लिही, वाईट खेळला तर तेही.