पाळकीणबाई, आधी स्वतःच्या नावाचा एक कागद करून घ्या

सलाम ताई. तुम्ही विचारलंत की साहेबांना इंग्लंडातल्या खेड्यात चर्च मिळतंय, मुलगी नऊ वर्षांची आहे, तर तिथे पाळकीणबाईचं रोजचं कसं असतं? व्हिसा, टीबीची तपासणी, आर्चबिशपची परवानगी यातलं काही मी सांगत बसत नाही, ते तिकडूनच कळेल. खरं तर दोन ओळी लिहून मोकळी होणार होते. पण ‘मुलगी नऊ वर्षांची’ वाचलं आणि रात्रभर डोळा लागला नाही.

नेवासे तालुक्यातून इंग्लंडातल्या लिंकनशर परगण्यात येऊन आम्हाला सात वर्षं झाली. सहा गावं, सहा दगडी चर्चेस, पाळक एकटे आमचे साहेब. रविवारी तीन उपासना, त्याही तीन गावांत. आपल्या शब्बाथ शाळेत जेवढी पोरं दंगा करतात, तेवढी माणसं इथे तिन्ही ठिकाणची मिळून जमत नाहीत.

घर मोठं मिळेल. पण ते डायोसीसचं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या चर्चसंस्थेचं. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, तीही डायोसीसच भरतं. ऐकायला बरं वाटतं, नाही? मी बँकेत खातं उघडायला गेले तर म्हणाले, तुमच्या नावाचं, पत्ता असलेलं काहीतरी दाखवा. विजेचं बिल साहेबांच्या नावावर, टॅक्स डायोसीसच्या, भाडेकरार मुळात नाहीच. मी म्हटलं, “मी व्हिकरची, इथल्या पाळकांची, बायको आहे.” काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, तो कागद नव्हे. दिवसाला दोन बसेस, असे तीन हेलपाटे झाले. शेवटी दवाखान्यातून गर्भाशयाच्या तपासणीचं बोलावणं आलं. इंग्लंडात माझ्या नावाने आलेलं पहिलं पत्र ते! तेच घेऊन गेले, चाललं. म्हणून सांगते, पहिल्याच आठवड्यात विजेच्या बिलावर तुमचंही नाव घाला. गाडीचंही तसंच. आपलं लायसन्स बाराच महिने चालतं, पुढे इथली परीक्षा. मी साहेब सोडतील म्हणून बसून राहिले आणि दोन वर्षं घरात अडकले. गावात गॅसची लाईन नसेल तर घर तापवायला तेलाची टाकी असेल, तिचा काटा ऑक्टोबरातच बघून ठेवा. आमचं तेल जानेवारीत संपलं होतं.

काम कोणी सांगत नाही, आपोआप अंगावर येतं. दार वाजलं की चहा, फोन वाजला की निरोप, शिवाय चर्चमधल्या फुलांची पाळी. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, फुलं ठेवत नाहीत, तेवढीच सुटका. पहिल्या हार्वेस्टला, म्हणजे चर्चमधल्या सुगीच्या सणाला, मी हौसेने दाराला झेंडूचं तोरण बांधलं. सगळ्यांनी ‘लव्हली’ म्हटलं. पुढच्या वर्षीच्या यादीत माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं, ‘मागची खिडकी’.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. सवय होते.

शाळेचं मात्र सांगते. आमचा मुलगाही तेव्हा नऊचाच होता, नगरला इंग्रजी माध्यमात शिकलेला. तरी बाईंनी बोलावलं, चहा दिला आणि फार मायेने म्हणाल्या, घरी इंग्रजीच बोला, त्याला सोपं जाईल. इथे अजून इलेव्हन प्लसची परीक्षा आहे, सहावीच्या सुरुवातीलाच, सप्टेंबरात. तिच्यावर ग्रामर स्कूल, म्हणजे निवडक मुलांची सरकारी शाळा, ठरतं. आम्ही घाबरलो. त्या रात्रीपासून जेवणाच्या टेबलावर मराठी बंद. राग त्या बाईंवर काढायची मला सवय झाली आहे, पण मराठी बंद केली ती मीच. अकरा वर्षं मिशनच्या शाळेत मराठी शिकवलेली मी! साहेब चुकून “भात वाढ” म्हणाले तर मीच डोळे वटारायचे.

तो पास झाला. आता सोळाचा आहे, इथल्या शेतकऱ्यांसारखा बोलतो. गेल्या नाताळात सासूबाईंनी फोनवर त्याच्यासाठी प्रार्थना केली. त्यांना दम लागतो, मध्ये थांबतात. त्या थांबल्या तशी प्रार्थना संपली असं वाटून हा “आमेन” म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे त्यांची प्रार्थना चालूच होती. उरलेली मी ऐकली. नंतर त्या म्हणाल्या, पोराला घाई असेल गं. मी “हो” म्हटलं.

तुमच्या मुलीच्या शाळेत असं कोणी सांगितलं तर काय करायचं, ते मला सांगता येत नाही. ग्रामर स्कूल हवं असेल तर परीक्षा तिलाही द्यावी लागेल, लिंकनशरमध्ये आलात तर.

येताना मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल आणि पुरणयंत्र आणा, बाकी सगळं मिळतं. पोचलात की फोन करा. शुक्रवारी सकाळी नको, फुलं असतात. आणि मुलीलाही फोन द्या, थोडं बोलू दे माझ्याशी. मराठीत.