रिपोर्टात केळं पॉझिटिव्ह, पण पुरळ आलं आंब्याने

ताई, ॲलर्जीच्या रिपोर्टात पॉझिटिव्ह आलेलं सगळं मुलीला बंद करायचं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: जी फळं तुमची मुलगी रिपोर्ट येईपर्यंत रोज खात होती आणि ज्यांनी तिला कधीच काही झालं नाही, ती निव्वळ त्या कागदावरून बंद करू नका. आणि आंबा निगेटिव्ह आला म्हणून आंब्याला निर्दोषही ठरवू नका. दोन्ही बाजूंनी तो रिपोर्ट तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतच नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सहा वर्षांची मुलगी मे महिन्यात आजोळी कोकणात गेली, दोन दिवस रायवळ आंबे चोखून खाल्ले. तिसऱ्या दिवशी सकाळी ओठांभोवती आणि हनुवटीवर लाल बारीक फोड, सतत खाज. आठवड्याने कातडी सुटून बरं झालं. परत आल्यावर एका लॅबचं शाकाहारी फूड पॅनेल, म्हणजे बऱ्याच पदार्थांची ॲलर्जी एकदम तपासणारी रक्ततपासणी, करून घेतलं. आंबा निगेटिव्ह, केळं, संत्रं, टोमॅटो, गहू धरून अकरा गोष्टी पॉझिटिव्ह. ते सगळं सध्या बंद आहे, आणि डब्यात काय द्यायचं हा रोजचा प्रश्न झालाय.

ही रक्ततपासणी नेमकं काय मोजते ते पाहा. एकेका पदार्थाच्या प्रथिनाला चिकटणारं आयजीई नावाचं प्रतिद्रव्य रक्तात किती आहे, एवढंच. जुने डॉक्टर अजूनही हिला ‘रास्ट’ म्हणतात. बहुतेक लॅब ०.३५ च्या वर पॉझिटिव्ह छापतात, काही ०.१० पासूनच. पण आयजीई सापडणं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची ओळख करून ठेवलीय. तो खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही. गवताच्या परागांची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तात केळं, संत्रं, टोमॅटो, गहू असं सगळं थोडं थोडं पॉझिटिव्ह दिसू शकतं, कारण या वनस्पतींत एकमेकांसारखी दिसणारी प्रथिनं आणि साखरेच्या साखळ्या असतात. माणूस मात्र ते सगळं मजेत पचवत असतो. तुम्ही दिलेले आकडे ०.४ ते ०.९ च्या घरातले आहेत, आणि एकूण आयजीई ८४० आहे. लहानपणचा एक्झिमा, दमा, ॲलर्जीची सर्दी, पोटातले जंत, कशानेही एकूण आयजीई वाढतं. ते वाढलेलं असलं की असे बारीकसारीक पॉझिटिव्ह बरेच निघतात.

आणखी एक, आकडा मोठा म्हणजे त्रास मोठा, असंही नसतं. आकडा वाढला की खरी ॲलर्जी असण्याची शक्यता वाढते. ती किती तीव्र असेल हे त्यावरून कळत नाही.

आता आंबा. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो, म्हणजे त्याने कातडीवर फोड येतात, हे आपल्याकडे आज्यांना पाठ होतं. ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांचे हात उततात हे कोकणात आजही दिसतं. आंब्याच्या देठाशी जो पारदर्शक चीक येतो, त्यात याच जातीची द्रव्यं असतात. थोडी सालीतही असतात, गरात जवळजवळ नाहीतच. रायवळ आंबा देठाकडून दाताने फोडून साल ओठांना लावून चोखायचा म्हटलं की चीक थेट तिथेच लागतो जिथे तुमच्या मुलीला फोड आले. ही ॲलर्जी आयजीईची नाहीच. ती त्वचेतल्या पेशींची, उशिरा येणारी. एकदोन दिवसांनी उठते आणि आठवडाभर रेंगाळते. रक्तातलं आयजीई कितीही वेळा मोजलं तरी ती दिसणार नाही. अगदीच खात्री हवी असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्टी लावून ४८ तासांनी बघतात. पण तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की डॉक्टरांना बहुधा त्याचीही गरज वाटणार नाही.

मी इतकं ठामपणे लिहितेय कारण आम्ही यातून गेलोय. मुलगा पाच वर्षांचा असताना तापानंतर अंगावर पित्त उठायला लागलं. घाबरून पॅनेल केलं, एकोणीस गोष्टी लाल अक्षरांत आल्या. लॅबमधून फोनवर सांगितलं, सगळं बंद करा. आठ महिने आम्ही केळं, दूध, गहू, शेंगदाणे घरात आणले नाहीत. त्याचं वजन जिथल्या तिथे राहिलं, आणि वाढदिवसाला दुसऱ्यांच्या घरी तो स्वतःहून ताट बाजूला सारायचा. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

शेवटी पुण्यात एका ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल उघडलीच नाही. काय खाल्लं, किती मिनिटांनी झालं, किती वेळ टिकलं, तेच पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा झालं का, एवढंच विचारत राहिले. मग घरून नेलेलं केळं सोललं. छोटी सुई आधी केळ्यात खुपसली आणि तीच त्याच्या हातावर टोचली, शेजारी तुलनेसाठी नुसत्या पाण्याचा आणि हिस्टामिनचा (हमखास गांध उठवणारं द्रव्य) एकेक थेंब टोचला. पंधरा मिनिटांनी मोजपट्टी लावून गांध मोजली. हिस्टामिनची गांध टरारून फुगली होती, केळ्याच्या जागी नुसता सुईचा ठिपका. पुढच्या खेपेला दवाखान्यातच केळं भरवलं: आधी ओठाला लावलं, मग नखाएवढा तुकडा, मग दर वीस मिनिटांनी थोडा मोठा. दोन तास बसवून ठेवलं. काही झालं नाही. त्याने ते अख्खं केळं खाल्लं आणि अजून आहे का विचारलं.

फळांच्या बाबतीत ताजं फळ वापरायचं कारण असं की बऱ्याच फळांतली प्रथिनं फार नाजूक असतात. तपासणीसाठी अर्क काढतानाच ती मोडतात, आणि खरी ॲलर्जी असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. माझ्या भाच्याला जर्मनीत म्युनिकला गेल्यावर चौथ्या वर्षी सफरचंद खाल्लं की तोंडात खाज सुटायला लागली. तिकडे बर्च झाडाच्या परागांची ॲलर्जी घरोघरी आहे आणि सफरचंदातलं एक प्रथिन त्या परागातल्यासारखंच असतं. शिजवलेलं सफरचंद तो आरामात खातो, कारण ते प्रथिन उष्णतेने मोडतं. तिथे त्याच्या रक्तात सफरचंदाच्या एकेका प्रथिनाचं आयजीई वेगवेगळं मोजलं. तोंडापुरती खाज आणणारं प्रथिन कुठलं, अंगभर त्रास देऊ शकणारं कुठलं, हे त्यातून कळतं. रक्ततपासणी अशी नेमका प्रश्न हातात घेऊन केली तर फार उपयोगी आहे. अंगभर एक्झिमा असेल किंवा ॲलर्जीची गोळी थांबवता येत नसेल तेव्हाही रक्ताचीच तपासणी बरी, कारण गोळीने सुईच्या तपासणीत फरक पडतो, रक्ताच्या नाही.

अननस किंवा कच्च्या किवीने जीभ चुरचुरते ती बहुतेकदा ॲलर्जी नसतेच, अळू खाजतं त्यातलाच प्रकार.

पण काही लक्षणं आली तर वाट बघायची नाही. फळ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगभर पित्त, ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, उलट्या, चक्कर यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा, नाहीतर जवळचं इस्पितळ गाठा. मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हे पहिलं औषध आहे. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नका. असं एकदा झालेलं फळ घरी ‘जरासं चाखून’ बघायचं नाही. केळं, किवी, पपई, ॲव्होकॅडो यांनी त्रास होत असेल तर फुगा फुगवताना किंवा रबरी हातमोज्यांनी ओठ सुजतात का तेही डॉक्टरांना सांगा. रबराच्या चिकाची ॲलर्जी आणि या फळांची ॲलर्जी बऱ्याचदा एकत्र येतात, आणि दातांच्या डॉक्टरकडे किंवा ऑपरेशनच्या वेळी ते माहीत असणं फार महत्त्वाचं असतं.

दोनशे पदार्थांची ‘इनटॉलरन्स’ (पदार्थ न सोसणं) तपासणी करा असं तुमच्या प्रश्नावर एकाने सुचवलंय, ती कृपा करून करू नका. ती आयजीजी नावाचं वेगळंच प्रतिद्रव्य मोजते. आपण जे नेहमी खातो त्याचं आयजीजी रक्तात असतंच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी ती वापरू नये.

तुम्ही रिपोर्ट घेऊन एकदा ॲलर्जीच्या किंवा बालरोगाच्या डॉक्टरांना भेटा, पण त्याआधी एका कागदावर लिहून न्या: कुठला आंबा, चोखून की कापून, किती तासांनी काय दिसलं, त्या अकरांपैकी तिने रिपोर्ट येण्याआधीच्या महिन्यात काय काय खाल्लं. फोडांचे फोटो असतील तर तेही न्या. बंदी घालून फक्त तीन आठवडे झालेत, तर केळं-गहू लगेच सुरू करायचे का, हे त्यांना पहिल्याच भेटीत विचारा. आणि पुढच्या मे महिन्यात आंबा द्यायला डॉक्टर हो म्हणाले, तर देठ कापून चीक गाळून टाका, आंबा तासभर पाण्यात ठेवून धुवा, साल तुम्ही काढा, हात धुवा आणि मग फोडी वाटीत घालून चमच्याने द्या. माझ्या मामेबहिणीची मुलगी चार वर्षं असाच आंबा खातेय.