लिफ्टमधल्या नोंदीत काय राहून गेलं

तुमच्या समाजशास्त्राच्या वहीतल्या तीन नोंदी वाचल्या. लिफ्टमध्ये सगळे दाराकडे तोंड करून गप्प उभे राहतात, म्हणून ‘सामाजिक प्रमाणक’, म्हणजे सगळे पाळतात तो न लिहिलेला नियम. फोन आला की तुमचा आवाज बदलतो, म्हणून ‘भूमिका’. मैत्रिणीला ओळखीतून नोकरी लागली, म्हणून ‘सामाजिक भांडवल’, म्हणजे ओळखीपाळखीतून मिळणारं बळ. त्याखाली शिक्षकांचा शेरा: ‘वर्णन आहे, विश्लेषण नाही.’ आणि तुमचा प्रश्न असा की जे सगळ्यांना ठाऊकच आहे त्याला जड नावं देण्यापलीकडे हा विषय करतो तरी काय? शिवाय शेवटी एक ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे: हल्ली सगळेच नाटक करताहेत असं वाटतं, स्वतःचीसुद्धा चीड येते. खरा प्रश्न तोच असावा असा मला संशय आहे. त्याकडे येतोच.

शेरा बरोबर आहे. मी हा विषय आधी शिकलो, मग बरीच वर्षं पहिल्या वर्षाला शिकवला. अशा वह्या ढिगाने तपासल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक ‘हे अमुक आहे’ या वाक्यापाशी येऊन थांबतात. डॉक्टरने ‘तुम्हाला ताप आहे’ एवढंच सांगून फी मागावी, तसं ते होतं. ताप आहे हे ठाऊक होतं म्हणूनच तर पेशंट आला होता. संकल्पना वापरली असं मी तेव्हाच म्हणतो, जेव्हा तिच्यामुळे एरवी न सुचलेला एखादा प्रश्न सुचतो आणि त्याचं उत्तर माझ्या अपेक्षेच्या उलटही येऊ शकतं.

वर्गातल्या जागांचं बघा. पहिल्या दिवशी कुणी कुठे बसायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र जो तो आपापल्या जागी बसायला लागलेला असतो. एक दिवस तुम्ही उशिरा पोचता आणि तुमच्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं असतं. पाय क्षणभर थबकतात. बसलेली व्यक्ती वर बघते, बॅग उगाच जराशी सरकवते आणि विचारते, ‘तुम्ही बसता का इथे?’ तुम्ही म्हणता, ‘नाही नाही, हरकत नाही.’ मग दुसरीकडे बसून तासभर काहीतरी खुपत राहतं. आता या संवादात काय घडलं? जागा कुणाच्याच नावावर नाही, हे दोघांनाही माहीत आहे. तरी एकाने विचारलं आणि दुसऱ्याने ‘हरकत नाही’ म्हटलं. म्हणजे हरकत घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, हे दोघांनीही न बोलता मान्य केलं. हा हक्क आला कुठून? शिक्षकांनी दिला नाही, तुम्ही मागितला नाही. नुसतं रोज येऊन बसण्यातून तो तयार झाला. इथे मला मालमत्तेची छोटीशी सुरुवातच दिसते. ‘वर्गात बसण्याचं प्रमाणक असतं’ एवढंच लिहिलं असतं, तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९५ मध्ये सामाजिक तथ्य, म्हणजे समाजाने घालून दिलेली वागण्या-विचारांची रीत, ओळखायच्या दोन खुणा सांगितल्या: ते व्यक्तीच्या बाहेर असतं आणि व्यक्तीवर दबाव आणतं. परीक्षेत हे वाक्य सगळेच लिहितात. पण तो दबाव आपण निमूट वागतो तोवर जाणवत नाही, विरोधात गेलं की जाणवतो, हे त्याचं पुढचं म्हणणं वहीत फारसं उतरत नाही. म्हणून कुठल्याही प्रमाणकाबद्दल पहिला प्रश्न ‘ते काय आहे’ हा नसून ‘मोडलं तर कोण काय करतं’ हा असतो. विल्यम समनरने १९०६ मध्ये लोकरीती आणि लोकनीती असा भेद केला, तोही याच प्रश्नाने नीट कळतो. एक मोडली की लोक नुसते बघतात किंवा हसतात, दुसरी मोडली की चिडतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे सोपं आहे.

हॅरॉल्ड गार्फिंकल या समाजशास्त्रज्ञाने याची थेट परीक्षा घेतली. १९६७ च्या पुस्तकात त्याने ते लिहिलं आहे. विद्यार्थ्यांना त्याने सांगितलं की पंधरा मिनिटं ते तासभर आपल्याच घरात भाडेकरू असल्यासारखं बघा. वागायचं नाही, नुसतं बघायचं. मुलांनी आणलेल्या नोंदी मजेशीर होत्या. एकाने स्वतःच्या वडिलांबद्दल ‘एक ठेंगणा, जाडसर माणूस घरात आला’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या गटाला प्रत्यक्ष तसं वागायलाही लावलं: अदबीने बोलायचं, विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. घरचे आधी गोंधळले, मग काळजीत पडले, मग बरेच जण रागावले.

मी विद्यार्थी असताना हे वाचून घरी करून पाहिलं होतं. ‘मी जरा पाणी घेतलं तर चालेल का?’ असं आईला विचारलं. तिने हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाली, ‘काय झालंय?’ मी म्हटलं, ‘काही नाही, आभारी आहे.’ तिने थेट कपाळाला हात लावला. पंधरा मिनिटं ठरवली होती, चारही झाली नसतील. मला वाटलं होतं की मी तिच्यावर प्रयोग करतोय. घशात आवंढा मात्र माझ्या आला होता. पुढे कळलं की मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रमचं हेच झालं होतं. त्याच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कुठलंही कारण न देता अनोळखी लोकांकडे बसायची जागा मागितली. साधारण ६८ टक्के वेळा ती मिळाली. म्हणजे समोरचे लोक आपल्याला वाटतं तितके कठोर नव्हते. पण मिलग्रम स्वतः मागायला गेला तेव्हा शब्द घशातच अडकले, आणि जागा मिळाल्यावर आपण आजारी असल्यासारखं दिसावं असं त्याला वाटायला लागलं. दबाव बाहेरचा असतो हे खरं, पण त्याचा पहारेकरी आपण आतच बसवून घेतलेला असतो. सामाजीकरण हा शब्द मला तेव्हा कळला. त्याआधी तीन वेळा परीक्षेत लिहिला होता.

आता तुमची लिफ्ट. सगळे गप्प असतात हे तुम्ही टिपलं. पण गप्प होण्याआधी काय झालं? आत येणाऱ्याकडे प्रत्येकाने एक ओझरती नजर टाकली आणि लगेच काढून घेतली, हो ना? समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनने १९६३ मध्ये नेमकं हेच पकडलं. तुम्ही इथे आहात हे मी पाहिलं, तुमच्याकडून मला भीती नाही आणि कुतूहलही नाही, असं त्या नजरेतून सांगितलं जातं. ते दुर्लक्ष नसतं. लक्ष न देण्याचं सौजन्य असतं. ती पहिली नजर टाकलीच नाही तर माणूस समोरच्याला कस्पटासमान लेखतो असं वाटतं, आणि काढून घेतली नाही तर भांडण होतं. मग प्रश्न: हे सौजन्य कुणाला मिळत नाही? लहान मुलाकडे लोक बिनधास्त बघतात, बोलतात. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाकडे एकतर टक लावून बघतात, नाहीतर मुद्दाम बघतच नाहीत. आणि लिफ्ट मध्येच बंद पडली की तेच मुके लोक अर्ध्या मिनिटात बोलायला का लागतात? यातलं एक जरी पकडलंत तरी नोंद उभी राहील.

आता ते नाटकाचं. रोजच्या वागण्याला रंगभूमीची उपमा देणारं गॉफमनचं पुस्तक १९५६ मध्ये एडिनबरोत निघालं आणि १९५९ मध्ये वाढवून अमेरिकेत. त्यासाठी त्याने स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर राहून बघितलं होतं. तिथल्या हॉटेलातले लोक जेवणघरात एक आणि दारामागच्या स्वयंपाकघरात दुसरं, असे वागत. यातून ‘रंगमंच’ आणि ‘पडद्यामागे’ हे शब्द आले. ते शिकल्यावर पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येकाला महिनाभर तुमच्यासारखंच होतं. सगळे खोटारडे वाटतात. पण ही चूक उपमा जास्त ताणल्याने होते. नट खोटं बोलत असतो म्हणून गॉफमनने रंगभूमी घेतली नाही. नटाला प्रेक्षक लागतो, सहनट लागतो, आणि एकाची वेळ चुकली की दुसरा सावरून घेतो, म्हणून घेतली. कुणी बोलता बोलता अडखळलं की बाकीचे ते लक्षात आलंच नाही असं दाखवतात. हे ढोंग म्हणायचं असेल तर म्हणा. मी त्याला माणुसकी म्हणेन.

आणि ‘खरा मी’ पडद्यामागे बसलाय, हे तरी कशावरून? जवळच्या मैत्रिणींत तुम्ही सैल बोलता, तिथेही सैल बोलावंच लागतं. एक दिवस त्यांच्याशी औपचारिक बोलून बघा, मग कळेल. चार्ल्स कूलीने १९०२ मध्येच म्हटलं होतं की आपण दुसऱ्याला कसे दिसतो आणि तो आपल्याबद्दल काय मत करतो याच्या कल्पनेतूनच आपली ‘मी’ची जाणीव घडते. दुसऱ्याच्या मताची नव्हे, त्या मताबद्दलच्या आपल्या कल्पनेची ही गोष्ट आहे. तो शब्द गाळू नका, सगळी गंमत त्यात आहे. ती कल्पना साफ चुकीचीही असू शकते.

मैत्रिणीच्या नोकरीबद्दल थोडक्यात. ‘ओळखीने नोकरी लागते’ हे सांगायला समाजशास्त्र नको. मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ च्या लेखात विचारलेला प्रश्न मात्र कुणी विचारत नव्हतं: कसली ओळख? जवळची माणसं मदतीला जास्त धावतील, असं साधी अक्कल सांगते. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांतल्या फक्त १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार गाठ पडत होती. ५५.६ टक्क्यांची अधूनमधून, आणि २७.८ टक्क्यांची वर्षातून फार तर एकदा. कारण उघड आहे, पण सांगितल्यावर: जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं, नवी बातमी दूरचा माणूस आणतो. हे सगळीकडे आणि सगळ्या नोकऱ्यांत तसंच असेल असं मुळीच नाही, आणि म्हणूनच तुमच्या मैत्रिणीला विचारण्यात अर्थ आहे. तो ओळखीचा माणूस तिला याआधी कधी भेटला होता? नोंदीत हे नाही.

एक इशारा देतो, कारण तो मला कुणी दिला नव्हता. नवा विद्यार्थी सी. राइट मिल्स हा समाजशास्त्रज्ञ वाचतो आणि आठवडाभर प्रत्येक गोष्टीला ‘समाज जबाबदार’ म्हणत सुटतो. मिल्सने १९५९ मध्ये खाजगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतला फरक सांगितला. त्याचं उदाहरण बेकारीचं होतं. एक लाखाच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, कसब, संधी बघा. पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासून उत्तर मिळणार नाही. पहिला भाग लोक विसरतात. काही अडचणी खरंच एकट्याच्या असतात. तुम्ही नापास झालात तर आधी वर्गात आणखी किती नापास झाले ते बघा, मग व्यवस्थेला बोल लावा.

याची दुसरी बाजूही आहे. गटाबद्दल खरं असलेलं गटातल्या माणसाला जसंच्या तसं लागू पडत नाही. विल्यम रॉबिन्सनने १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवलं की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. यावरून स्थलांतरित जास्त साक्षर होते असं वाटेल. प्रत्यक्षात एकेक माणूस घेतला तर ते इतरांपेक्षा जरा जास्तच निरक्षर होते. ते अधिक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, इतकंच. तेव्हा ‘अमुक वर्गातले लोक असे असतात’ हे वाक्य वहीत आलं की पेन्सिलीने खूण करून ठेवा. आणि घरात भांडण चालू असताना ‘हा तुझा भूमिका-संघर्ष आहे’ असं, म्हणजे तुझ्या दोन भूमिकांची ओढाताण चालली आहे असं, कुणालाही सांगू नका. मी सांगितलं होतं. वाक्य बरोबर होतं, तरी दोन दिवस अबोला झाला.

लिहिण्याबद्दल एवढंच सुचवतो: एका वेळी एकच प्रसंग घ्या. आधी पानभर गार्फिंकलच्या भाडेकरूसारखं लिहा. कोण आलं, कुठे बघितलं, काय बोललं. त्या पानावर पुस्तकातला एकही शब्द नको. संकल्पना दुसऱ्या पानावर येऊ द्या. तिसऱ्या नोंदीसाठी मैत्रिणीला गाठावं लागेल, लिफ्टसाठी दोन-चार फेऱ्या जास्त कराव्या लागतील. फोनची नोंद आज रात्रीच पुन्हा लिहिता येईल. त्यात तुमचा आवाज बदलला हे आहे, कसा बदलला हेही आहे. पलीकडे कोण होतं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.