अमेरिकन स्टडीज घ्यायचंय, चार वर्षं कशी आखू?

प्रश्न: अमेरिकेत बीए करणारे, अमेरिकन स्टडीज घ्यायचं ठरवलंय, पण इतिहास, साहित्य, कायदा सगळंच त्यात येतं, मग सुरुवात कुठून करू?

उत्तर: घाई अजिबात करू नकोस, तिथे बहुतेक कॉलेजांत मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवायचा असतो, त्यामुळे पहिलं वर्ष इतिहास आणि साहित्याचा एकेक कोर्स घेऊन बघ, कशात रमतेस ते कळेलच. खरी गोष्ट पुढे आहे, ती म्हणजे एक धागा पकडणं, नाहीतर चार वर्षं नुसती खिचडी होते. समजा स्थलांतर घेतलंस तर पंजाबातून अमेरिकेत गेलेले शीख भगतसिंग थिंद यांचा खटला बघ, 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं, आणि भारतीयांसाठी ते दार 1946 च्या कायद्याने उघडलं. आता या एका निकालात कायदा, वंश, इतिहास, भाषा सगळं आलं ना? मला तर हा विषय यासाठीच फार आवडतो. तिसऱ्या वर्षी मेथड्सचा, म्हणजे संशोधन कसं करायचं ते शिकवणारा, सेमिनार चुकवू नकोस, शेवटच्या वर्षीचा प्रबंध त्यावरच उभा राहतो. आणि गाईड आधीच शोधून ठेव, प्रोफेसर सबॅटिकलवर, म्हणजे अभ्यासासाठीच्या लांब रजेवर, गेले की पंचाईत होते.